भाजीचं पाणी मोरीत का जातं?



"तुमच्या लोकांना पोषणाचं ज्ञान नाही," हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. शिबिरात कुणीतरी येतं, पालेभाज्या खा म्हणतं आणि निघून जातं. अरे, पालेभाजी तर आम्ही खातोच! ताटात येईपर्यंत तिच्यात उरतं काय, ते विचारा.

आमची काही वर्षं वसतिगृहात गेली. तिथे भाजी पहाटे चिरायची, चिरून मग धुवायची, रंग हिरवा राहावा म्हणून सोडा टाकून उकडायची आणि पाणी मोरीत ओतायचं. क जीवनसत्त्व आणि फोलेट पाण्यात उतरतात, उष्णतेनेही घटतात. सोड्याने रंग टिकतो, पण क जीवनसत्त्व आणि थायमिन आणखी जातं. लोह बरंचसं उरतं खरं, पण भाजीतलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्वाची मदत लागते आणि तेच आधी गेलेलं असतं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्याला एकटी मोरी जबाबदार नाही. डाळ, अंडी, मटण रोज कुणाला परवडतं? पण जे थोडं पदरात पडतं, तेही आमच्या लेकरांपर्यंत पोचू नये?

आता आपल्या घरातलंही बोलू. महाडला १९२७ साली मेलेल्या जनावराचं मांस सोडण्याचा निर्धार झाला, म्हणजे आपलं ताट तपासणं चळवळीला नवं नाही. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याचा घोळाणा, कच्चा, वर तेल, तिखट, दाण्याचा कूट. आजीने प्रयोगशाळा पाहिली नव्हती, पण क जीवनसत्त्व त्यात जवळजवळ जसंच्या तसं राहतं. तोच पाला उन्हाळ्यासाठी पत्र्यावर कडक उन्हात वाळवला की क जीवनसत्त्व जातं, कॅरोटीनही बरंच घटतं. सावलीत वाळवला तर कॅरोटीन जास्त टिकतं, आणि शिजवताना थोडं तेल असलं की अंगीही लागतं. आईचं म्हणून सगळंच बरोबर, असं आम्ही म्हणणार नाही. तपासून घ्यायला आपल्याला बुद्धानेच सांगितलंय.

आणि ती शेवग्याच्या पाल्याची महागडी पावडर! शेवगा आमच्या परसात होता तेव्हा गरिबाची भाजी होता. आता डबीवर 'संत्र्याच्या कितीतरी पट विटामिन सी' छापतात. तो आकडा ताज्या पाल्याचा, डबीतल्या भुकटीचा नव्हे. पाला वाळताना ते बहुतेक उडून जातं.

वसतिगृहातल्या मित्रांनो, भोजन समितीच्या पुढच्या बैठकीत आंदोलनाची भाषा नंतर, आधी स्वयंपाकघरात जा. भाजी किती वाजता चिरली, सोडा कुणी टाकायला सांगितला, उकडलेलं पाणी आमटीत का जात नाही, हे ठेकेदाराला विचारा. "माणसं कमी आहेत" असं उत्तर येईल. मग निविदेत किती माणसं लिहिली आहेत, तो कागद माहिती अधिकारात मागा.