उशाशी बसलेल्यांची सोबत

1955 च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या भिलाईच्या पोलाद कारखान्यात प्रांतोप्रांतीची माणसे आली, विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही सेक्टरांच्या वसाहतीत पिढ्यान्‌पिढ्या रुजली. परंतु आजोळ, काका, मावशी हा गोतावळा बहुधा गावाकडेच राहिला, आणि या उणिवेची खरी जाणीव घरातल्या लेकराला रक्ताचा कर्करोग असल्याचे निदान होते त्या दिवशी होते.

मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या ल्युकेमियाचे उपचार दोन ते अडीच वर्षे चालतात. प्रारंभीचे कित्येक महिने आई मुलाला घेऊन रायपूर, नागपूर किंवा सुमारे अकराशे किलोमीटरवरच्या परळच्या टाटा रुग्णालयाच्या आसऱ्याने राहते. बाप पाळ्या, रजेचे अर्ज आणि मागे राहिलेल्या धाकट्याची शाळा यांत गुंततो. मुंबईत तिला निदान समदुःखी तरी भेटतात. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, किंवा 2006 पासून अशा कुटुंबांना विनामूल्य निवारा देणाऱ्या सेंट ज्यूड्सच्या केंद्रात, शेजारची बाईही लेकराच्या रक्तपेशींचा ‘काउंट’ वाढण्याचीच वाट पाहत असते, आणि मुलाचे केस गळू लागले की त्याला काय सांगावे हे तिच्याकडूनच कळते.

खरा एकांतवास भिलाईस परतल्यावर सुरू होतो. जंतुसंसर्गाच्या भयाने दार लोटलेले, भेटायला येणाऱ्यांची पृच्छा गरोदरपणातल्या पथ्यापर्यंत पोचणारी, मुलादेखत रडायचे नाही हा स्वतःच स्वतःस घातलेला निर्बंध, आणि रात्री ताप चढला की तत्काळ इस्पितळ गाठायचे, मग घरधनी रात्रपाळीला असो वा नसो!

अशा थकव्यापुढे उपचार अर्धवट सुटतात, हे आपल्यासारख्या देशांतले जुने दुखणे आहे. 2030 पर्यंत किमान साठ टक्के बालरुग्ण वाचावेत हे जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली ठरवलेले उद्दिष्ट केवळ औषधांनी गाठता येणार नाही. कर्करुग्णाच्या सोबत्यालाही रेल्वे भाड्यात सवलत देते, अर्थात त्याची आवश्यकता सरकारदरबारी मंजूर आहे. ती मंजुरी प्रवासापुरतीच का असावी?

सेक्टर 9 च्या जवाहरलाल नेहरू रुग्णालयात या आईबापांसाठी वार मुक्रर करून समुपदेशकाची बैठक व्हावी, उपचार पूर्ण झालेल्या मुलांच्या मातांना तीत मानाने बोलवावे. आणि पाळी बदलून देण्याची तजवीज कारखान्याने कायम नोकरांप्रमाणेच ठेकेदारी मजुरांसाठीही करावी. भिलाईकरांनो, तुमच्या गल्लीत असे घर असेल तर कारणांची चौकशी करू नका. धाकट्याला शाळेत पोचवण्याचे किंवा अपरात्री गाडी काढण्याचे, एखादे काम मागून घ्या आणि उपचार संपेपर्यंत ते सोडू नका.