विमान कोसळल्यावर कंपनीने लोगो काळा केला, तर लोक का चिडतात?

१२ जून २०२५. अहमदाबादहून लंडनला निघालेलं एअर इंडियाचं एआय १७१ विमान उड्डाणानंतर काही सेकंदांतच बी. जे. मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानात २४२ जण होते, त्यातला एकच प्रवासी वाचला. जमिनीवरचे लोक धरून एकूण २६० जणांचा जीव गेला.

परभणी जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. विमान पकडायचं तर नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावं लागतं, परदेशी जायचं तर मुंबई किंवा हैदराबाद. तरीही हा अपघात इथल्या प्रत्येक फोनवर पोहोचला. धुराच्या व्हिडिओपाठोपाठ आणखी एक गोष्ट लोकांना दिसली. एअर इंडियाने सोशल मीडियावरचा आपला डीपी काळा केला होता.

काहींना तो दुखवटा वाटला. काहींना मात्र वाटलं की माणसं गेली आणि कंपनीला आधी स्वतःच्या ब्रँडची काळजी पडली. आता, डीपी काळा करणं यात वाईट काय? खरं तर काहीच नाही. पण लोकांच्या या संशयाला मोठा इतिहास आहे.

रात्रीतून पुसलेली नावं

२ फेब्रुवारी २०१३ ला इटलीत रोमच्या विमानतळावर एक विमान धावपट्टीवरून घसरलं. विमान कार्पातएअर या रोमानियन कंपनीचं, पण ते उडत होतं अलिटालियासाठी आणि रंगही अलिटालियाचेच. दुसऱ्या दिवशी लोकांनी पाहिलं तर विमान पांढरंफटक! रात्रीतून कंपनीचं नाव रंगवून टाकलं होतं.

त्याच वर्षी ८ सप्टेंबरला बँकॉकमध्ये थाई एअरवेजचं विमान उतरताना धावपट्टीबाहेर गेलं. कामगार शिडी लावून शेपटीवरच्या लोगोला काळा रंग फासताहेत, असे फोटो जगभर फिरले. हा स्टार अलायन्सचा नियम आहे, असं कंपनीकडून सांगण्यात आलं. स्टार अलायन्सने असा नियमच नसल्याचं सांगितल्यावर ही आपलीच पद्धत असल्याचं कंपनीला मान्य करावं लागलं.

म्हणजे लोगो लपवायला गेले आणि त्या लपवण्याचीच बातमी झाली. फोटो काढायला फक्त पत्रकार येत होते, त्या काळातली ही युक्ती. हातोहाती कॅमेरा आल्यावर ती उलटायला लागली.

पुढच्याच वर्षी याची दुसरी बाजू दिसली. मार्च २०१४ मध्ये मलेशिया एअरलाइन्सचं एमएच ३७० बेपत्ता झालं आणि कोणीही वाचलं नसावं, हे काही नातेवाइकांना एसएमएसने कळवण्यात आलं. जगभरातून संताप व्यक्त झाला. डिसेंबरमध्ये एअर एशियाचं विमान जावा समुद्रात कोसळलं. त्या कंपनीनेही आपला लाल लोगो करडा केला, पण तिचे प्रमुख टोनी फर्नांडिस लगेच नातेवाइकांकडे गेले आणि स्वतः माहिती देत राहिले. त्यांचं कौतुक झालं. लोगोचा रंग दोन्ही प्रकारे बदलता येतो. त्यामागे माणूस उभा आहे की नाही, हे लोक बघतात.

एअर इंडियावर लोक कशामुळे भडकले?

एअर इंडियाचे सीईओ कॅम्पबेल विल्सन यांनी व्हिडिओतून निवेदन दिलं. काही तासांतच लोकांनी त्याच्या शेजारी दुसरा व्हिडिओ लावला. जानेवारी २०२५ मध्ये वॉशिंग्टनजवळच्या अपघातानंतर अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख रॉबर्ट आयसम बोलले होते, तो. काही वाक्यं आणि त्यांचा क्रम जवळपास सारखा होता.

विमान कंपन्यांकडे अशा प्रसंगासाठी निवेदनाचे मसुदे तयार असतात. गोंधळाच्या वेळी चुकीचं काही बोललं जाऊ नये म्हणून ते लागतातही. पण ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्याला साच्यातलं दुःख लगेच ओळखू येतं.

दुसरा भडका उडाला तो पार्टीच्या व्हिडिओने. एआयसॅट्स ही विमानतळावरची कामं करणारी कंपनी, एअर इंडिया आणि सिंगापूरच्या सॅट्सची भागीदारी. अपघाताला काही दिवसच झाले असताना तिच्या गुरुग्राम ऑफिसात लोक नाचत असल्याचा व्हिडिओ बाहेर आला. कंपनीने खेद व्यक्त केला आणि चार वरिष्ठ अधिकाऱ्यांना जावं लागलं. काळा डीपी आणि हा नाच लोकांनी एकत्र ठेवून पाहिला. मग डीपीवर विश्वास कोण ठेवणार?

दुसरीकडे १७१ हा उड्डाण क्रमांक कंपनीने बंद केला. त्यावर कोणी फारसं रागावलं नाही. मोठ्या अपघातानंतर क्रमांक निवृत्त करायची प्रथा जुनी आहे आणि त्यात काही झाकलं जात नाही.

एक कोटी : मदत की हक्क?

अपघाताच्याच दिवशी टाटा समूहाने प्रत्येक मृताच्या कुटुंबाला एक कोटी रुपये जाहीर केले. एअर इंडियाने त्याशिवाय २५ लाखांची तातडीची रक्कम सांगितली. नंतर ५०० कोटींचा ट्रस्टही स्थापन झाला. सोशल मीडियावर याचं कौतुक झालं आणि पैशाने तोंड बंद करताहेत, अशी टीकाही झाली.

या वादात मुख्य गोष्ट मागे पडली. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात प्रवाशाचा मृत्यू झाला तर भरपाई कायद्याने द्यावीच लागते. १९९९ च्या माँट्रियल कराराने हे बंधन घातलं आणि भारत २००९ मध्ये त्यात सामील झाला. सध्याच्या मर्यादेनुसार १,५१,८८० एसडीआरपर्यंतच्या सिद्ध झालेल्या नुकसानीसाठी कंपनीची चूक दाखवावी लागत नाही. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. त्या वेळच्या दराने ही रक्कम पावणेदोन कोटी रुपयांहून अधिक होते. त्यापुढची मागणी टाळायची तर आपला हलगर्जीपणा नव्हता, हे कंपनीला सिद्ध करावं लागतं. टाटांचा एक कोटी ही स्वेच्छेची मदत होती आणि हा हक्क त्याहून वेगळा आहे. मात्र हा करार प्रवाशांपुरता आहे, वसतिगृहात गेलेल्यांना तो लागू होत नाही.

जुलैमध्ये वाद पेटला तो इथेच. नातेवाइकांकडून भरून घेतल्या जाणाऱ्या अर्जात मृतावर आर्थिकदृष्ट्या कोण अवलंबून होतं, अशी कायदेशीर वजनाची माहिती मागितली जात असल्याचा आरोप लंडनच्या एका कायदा संस्थेने केला. एअर इंडियाने तो फेटाळला. पैसे योग्य व्यक्तीला मिळावेत म्हणून नातं तपासणं गरजेचं असल्याचं कंपनीचं म्हणणं होतं.

समजा, असा अर्ज सेलू किंवा जिंतूरच्या घरात आला. पोरगं शिकायला लंडनला निघालेलं, अर्ज इंग्रजीत, घरात सुतक. कुठल्या रकान्यात काय लिहिलं तर पुढे काय होईल, हे त्या घराला कोण सांगणार? अमेरिकेत १९९६ पासून कायदाच आहे. अपघातानंतर कुटुंबांना मदत कशी करणार, याची योजना विमान कंपनीला आधीच सरकारकडे द्यावी लागते. तिथे हे काम कंपनीच्या मर्जीवर सोडलेलं नाही.

मराठवाड्याच्या आठवणीतला ट्रक

२६ एप्रिल १९९३ ला तेव्हाच्या औरंगाबादहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं बोइंग ७३७ उड्डाण घेताना कापसाच्या गाठी भरलेल्या ट्रकला धडकलं. धावपट्टीपलीकडच्या बीड रस्त्यावरून तो ट्रक चालला होता. विमानातल्या ११८ पैकी ५५ जण दगावले.

ट्रकची गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहिली. चौकशीत मात्र दोन कारणं नोंदवली गेली. वैमानिकांनी विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचललं आणि विमानाच्या वेळेत त्या रस्त्यावरची वाहतूक रोखण्यात विमानतळ प्राधिकरण कमी पडलं. म्हणजे चित्र लक्षात राहिलं आणि व्यवस्थेची चूक विसरली गेली.

लोकांचा राग किती टिकतो?

अहमदाबादनंतरही हेच घडलं. दुसऱ्याच अपघातांचे जुने व्हिडिओ या अपघाताचे म्हणून फिरले. १२ जुलैला प्राथमिक अहवाल आला. दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच उड्डाणानंतर लगेच, एका सेकंदाच्या अंतराने, बंद स्थितीत गेल्याचं त्यात होतं. ते का गेले, हे नव्हतं. तरी अनेकांनी वैमानिकाला दोषी ठरवून टाकलं. शेवटी त्याच्या वृद्ध वडिलांना सुप्रीम कोर्टात जावं लागलं आणि मुलावर कोणी दोष ठेवू शकत नाही, हे नोव्हेंबरमध्ये कोर्टाला सांगावं लागलं.

कंपनीची प्रतिमा सांभाळायची धावपळ पहिल्या दोन दिवसांत सर्वात जोरात असते आणि लोकांचा रागही तेव्हाच. कुटुंबांचं काम मात्र त्यानंतर सुरू होतं आणि वर्षानुवर्षं चालतं. डीपीवर तुटून पडणाऱ्यांनी भरपाई किती जणांना मिळाली आणि अंतिम अहवालात काय आलं, हे विचारलं तर कंपनीला जास्त जड जाईल.

१२ ऑगस्ट १९८५ ला जपान एअरलाइन्सचं विमान डोंगरावर कोसळून ५२० जण गेले. २००६ मध्ये याच कंपनीने टोकियोच्या हानेदा विमानतळाजवळ एक केंद्र उघडलं. त्या विमानाचे मोडके तुकडे तिथे मांडले आहेत आणि कंपनीच्या कर्मचाऱ्यांना ते दाखवायला नेतात. ही समज यायला त्या कंपनीलाही वीस वर्षं लागली, पण त्या तुकड्यांवर तिने रंग फासलेला नाही.