भुंगे दिसले तर फवारणी थांबवा

पाऊस लागला की बेळगाव-निपाणी पट्ट्यात बांध, पडीक जागा, रस्त्याच्या कडा गाजरगवताने भरून जातात. खाज आणि दमा सोसत ते उपटतात बहुधा बायकाच. हे गवत खाणारा झायगोग्रामा भुंगा १९८३ साली मेक्सिकोहून बंगळुरूला आणला गेला. गवताचं पान उलटून पाहा: मळकट पांढऱ्या पाठीवर तपकिरी रेघांचा हा किडा दिसेल, कोवळे शेंडे कुरतडणाऱ्या अळ्याही. पुढे तो सूर्यफुलावर आढळला, तेव्हा कर्नाटकातले शेतकरी धास्तावले. त्यांची शंका रास्तच होती. पण भुंग्याचं पोट भरतं ते गाजरगवतावरच. थंडीत तो मातीत दडतो, म्हणून फुलोऱ्याआधी हातमोजे घालून उपटणीही हवीच. भुंगे लागलेल्या जागी मात्र फवारणी नको.