साखरेच्या पोत्यांखाली

कराची बंदर फाळणीत गेले, म्हणून कच्छच्या आखातात कांडला उभे करावे लागले, ही हकीकत बडोद्यातील जुन्या मंडळींस नवी नाही. त्याच कांडल्यावर १९९९ पासून दोनदा अशा आगबोटी अडवल्या गेल्या, की ज्यांच्या पोटात कागदावर लिहिल्याहून निराळेच काही असल्याचे आपल्या अधिकाऱ्यांस आढळले. आणि दोन्ही वेळा संशयाचा काटा कराचीकडेच वळला.

पहिली 'कु वोल सान', उत्तर कोरियाची. १९९९ च्या जूनमध्ये, कारगिलची लढाई ऐन भरात असताना, ती कांडल्यास साखर उतरवण्यासाठी लागली. साखरेखेरीज तिच्यावर काही पेट्या होत्या. त्यांवर पाणी शुद्ध करण्याची यंत्रसामग्री असे लिहिलेले, आणि जायचे ठिकाण माल्टा. पेट्या उघडण्यास खलाशांनी इतका विरोध केला, की जकात अधिकाऱ्यांचा संशय बळावला नसता तरच नवल. आत क्षेपणास्त्रांचे सुटे भाग, ते घडवण्याची यंत्रे आणि आराखडे निघाले. म्हणजे शस्त्रेच नव्हेत, तर शस्त्रांचा कारखानाच पेट्यांत भरून चालला होता. माल पाकिस्तानसाठी, असे आपल्याकडे त्या वेळी धरूनच चालले. पुढे अमेरिकन तपासाचा कल तो लिबियासाठी असावा याकडे झुकला. मला या प्रकरणातील हाच भाग अधिक बोधक वाटतो. लबाडी खरी ठरली, पण घेणारा कोण याविषयी युद्धाच्या तापात बांधलेला अंदाज तितकासा पक्का ठरला नाही.

साखरेचे आणि या धंद्याचे काय नाते आहे कोण जाणे! २०१३ च्या जुलैत पनामा कालव्यापाशी 'चोंग चोन गांग' ही अशीच उत्तर कोरियाची बोट अडवली गेली. ती क्यूबाहून निघालेली. दोन लाखांवर पोती साखर उपसल्यावर खाली दोन मिग-२१ विमाने, १५ इंजिने आणि क्षेपणास्त्रांची सामग्री दिसली. गंमत अशी, की पनामाचे अधिकारी शोधत होते अंमली पदार्थ. क्यूबाने सांगितले, की ही जुनी शस्त्रे दुरुस्तीस चालली आहेत, ती परत यायची आहेत. असेलही, पण दुरुस्तीला पाठवायची वस्तू साखरेखाली पुरून कोणी पाठवीत नाही.

सापडले म्हणजे जप्त झाले, असे मात्र समजू नये. २००२ च्या डिसेंबरात अरबी समुद्रात स्पेनच्या नौसैनिकांनी 'सो सान' बोटीवर उतरून सिमेंटच्या पोत्यांखालून १५ स्कड क्षेपणास्त्रे हुडकली. येमेनने माल आपला असल्याचे सांगितले, आणि तो अडवण्यास कायद्याचा आधार नाही असे दिसताच अमेरिकेने बोट सोडून दिली. उत्तर कोरियाच्या शस्त्रव्यापारावर राष्ट्रसंघाची बंदी आली ती २००६ मध्ये. भर समुद्रात जहाजावर सत्ता त्याच्या निशाणाच्या देशाची. बंदरात मात्र ती बंदरवाल्याची. म्हणून अशा बोटी बहुधा धक्क्यावरच सापडतात. शिवाय पेटीबंद मालाच्या भरतियावर नौकावाहतूकदार 'आत अमुक असल्याचे पाठवणारा सांगतो' एवढेच लिहून मोकळा होतो. आत खरोखर काय आहे याची हमी तो घेत नाही, आणि प्रत्येक पेटी फोडून पाहू म्हटले तर बंदर बंदच करावे लागेल. सारा भार उरतो तो खबर आणि खबर ऐकणारा माणूस यांवर. हा माणूस फितला तर काय होते, ते १९९३ च्या आरंभी रायगडच्या किनाऱ्याने पाहिले आहे. मुंबईच्या स्फोटांसाठीचे सामान तेथे उतरले, आणि त्या खटल्यात पुढे जकात व पोलीस खात्यांतील माणसेही दोषी ठरली.

आता रूप पालटले आहे. २०२० च्या फेब्रुवारीत कांडल्यास अडवलेल्या 'दा त्सुई युन'वर क्षेपणास्त्र नव्हते, होती एक मोठी दाबभट्टी, कागदोपत्री कारखान्यातील वाळवणयंत्र. चीनने ती लष्करी नाही म्हटले. २३ जानेवारी २०२४ रोजी न्हावा शेव्यास कराचीकडे निघालेली संगणकचालित यंत्रसामग्री उतरवली गेली. वजन २२ टनांवर. अशा यंत्रांवर वासेनार कराराने निर्बंध घातले आहेत, आणि भारत २०१७ पासून त्या करारात आहे. पाकिस्तानने उत्तर दिले, की तो मोटारींचे भाग कातणारा साधा लेथ आहे. स्कड ओळखण्यास तज्ज्ञ लागत नाही. लेथचा हेतू ओळखण्यास लागतो, आणि तेथेही मतभेद होतो.

दुसऱ्याचा माल आपल्या धक्क्यावर उतरवून घेण्याचा अधिकार २००५ च्या कायद्याने, वाटेत थांबलेल्या मालापुरताही, आपल्या सरकारला आहे, आणि तो असावा असेच माझे मत आहे. पण तपासणी करणाऱ्या शास्त्रज्ञांना त्या यंत्रांत नेमके काय आढळले, त्यांची अचूकता किती, कोणत्या कलमात ती बसतात, हे तपशिलाने छापून टाकण्यात आपले काय जाते? 'कु वोल सान'च्या वेळी पेट्या जगाच्या डोळ्यांसमोर आल्या, म्हणूनच त्या कोणासाठी होत्या यावर दुसऱ्यांना शोध घेता आला.