म्हातारी कोंबडी आधी वेगळी ठेवा

‘कोंबडी म्हातारी झाली, अंडी बंद झाली, त्यात आजारी पडली; आता तिच्यावर पैसा कशाला घालवायचा? मान टाकायच्या आत कापून खावी, नाहीतर येत्या बाजारी विकून टाकावी.’ परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात हा सल्ला मिळतो. देणारा माणूस निर्दय नसतो, तो हिशेब मांडत असतो. पण हा हिशेब चुकीचा आहे आणि त्याची किंमत शेवटी सगळी गल्ली मोजते.

त्याच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा आधी घेऊ. ‘नीट शिजवलं की रोग मरतो.’ खरं आहे. आतपर्यंत 70 अंश सेल्सियसला शिजलेल्या मांसात बर्ड फ्लूचा विषाणू टिकत नाही. पण धोका ताटात नसतो, तो चूल पेटण्याआधीच्या अर्ध्या तासात असतो. कापताना रक्त उडतं, पिसं उपटताना घाण हाताला आणि नाकातोंडाला लागते, पोरं भोवती उभी असतात. आतडी उकिरड्यावर जातात आणि त्याच उकिरड्यावर घरच्या अन् शेजारच्या कोंबड्या चोच मारतात. एक आजारी कोंबडी वाया जाऊ नये म्हणून कापली, तर अख्खं खुराडं धोक्यात येतं. रोग काय आहे हे ठाऊक नसताना तो पक्षी चिरणं ही काटकसर नव्हे.

विकण्याचा सल्ला तर याहून वाईट. आठवडी बाजारात पाय बांधून एकमेकींवर टाकलेल्या कोंबड्या दहा गावांतून आलेल्या असतात आणि दहा गावांना जातात. मुरुंब्याचं नाव इथे घ्यावंच लागेल. जानेवारी 2021 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात आठशेच्या आसपास कोंबड्या पाहता पाहता मेल्या. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, बर्ड फ्लूचं निदान झालं. मग रोग पसरू नये म्हणून गावातल्या हजारो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, आसपासच्या दहा किलोमीटरच्या पट्ट्यात विक्री बंद झाली. ज्या बायकांच्या हातात अंड्यांचेच काय ते स्वतःचे पैसे येतात, त्यांच्या परसातल्या धडधाकट कोंबड्याही अशा वेळी जातात. प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधाचा 2009 चा कायदा यासाठीच सांगतो, की असा रोग आढळला किंवा संशय आला तर कळवा, जनावर वेगळं ठेवा, बाजारात आणू नका. बर्ड फ्लू आणि मानमोडी, म्हणजे राणीखेत, हे दोन्ही रोग त्या कायद्याच्या यादीत आहेत.

‘मग कोंबडीला काय दवाखान्यात घेऊन बसायचं?’ बसायचं, हो. पण त्याआधीचं बहुतेक काम घरीच होतं आणि त्याला पैसा लागत नाही. ती मलूल दिसताक्षणी डालग्याखाली, सावलीत, बाकीच्यांपासून दूर ठेवायची. तिचं पाणी आणि दाणे वेगळे. आधी निरोगी कोंबड्यांचं करायचं, शेवटी तिचं, आणि मग साबणाने हात धुवायचे. थंडीत खाली कोरडा भुसा आणि वर गोणपाट, उन्हाळ्यात वारा आणि गार पाणी. परभणीचा मे महिना आजारी पाखराला औषध देण्याआधीच मारू शकतो.

मग तिला हातात घेऊन बघायचं. ती आजारी आहे की नुसती खुडूक? खुडूक कोंबडी उचलली की फुगते, चोच मारते. आजारी कोंबडी मुकाट उचलू देते. छातीचं हाड हाताला धारदार लागलं तर जंत किंवा जुनं दुखणं. सकाळी उपाशीपोटीही गळ्यातली थैली टणक भरलेली असेल तर खाल्लेलं अडकलंय. पंखाखाली आणि शेपटीखाली पिसं बाजूला केली की उवा दिसतात. पोट खाली लोंबलेलं, शेपूट पडलेली आणि ती सारखी जोर करत असेल तर अंडं अडकल्याची शंका घ्यावी. अशीला कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवून उबेत ठेवलं तर कधी कधी सुटका होते, नाही झाली तर त्याच दिवशी डॉक्टर. पोटाची आणि अंडनलिकेची अशी दुखणी वय वाढलेल्या कोंबडीत जास्त असतात आणि ती एकीची दुसरीला लागत नाहीत. म्हणून पहिला प्रश्न हाच, की एकच कोंबडी आजारी आहे की कळप? एकच म्हातारी आठवडाभर मलूल असेल तर सेवेला वाव आहे. दोन-तीन पटापट मेल्या, तुरे निळे-काळे पडले, माना वाकड्या झाल्या, तर घरगुती उपाय तिथेच थांबवा.

एक खोड मात्र उपचार करणाऱ्यांचीही मोडायला हवी. मेडिकलमधून माणसाची अँटिबायोटिक गोळी आणून अर्धी-पाव पाण्यात घालणं. विषाणूच्या रोगावर ती चालत नाही, मात्रा कुणाला ठाऊक नसते आणि औषधाचा अंश अंड्यात उतरतो, ते अंडं आपणच खातो. कोलिस्टिनसारखं औषध अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांना देण्यावर सरकारने 2019 मध्ये बंदी घातली ती याच भीतीपोटी, की उद्या माणसालाही ते लागू पडणार नाही.

‘पण ती देते काय?’ अंडी कमी देते, मान्य. पण परसात नवी कोंबडी शेडमधून येत नाही. ती एकवीस दिवस अंड्यांवर बसणाऱ्या, घारीची सावली दिसताच पिल्लं पंखाखाली घेणाऱ्या जुन्या गावरान कोंबडीमुळे येते. वर्षाला साठ-ऐंशी अंडी हाच तिचा सगळा हिशेब धरणारा माणूस तिची अर्धी कमाई मोजतच नाही. आणि समजा ती काहीच देत नसली, तरी इतकी वर्षं आपल्या दारात राहिलेल्या जिवाला चार दिवस पाणी आणि सावली देणं हे आपलं देणंच आहे. मला हे लिहिताना संकोच वाटत नाही.

सगळ्याच वाचतात असं नाही. मानमोडीला औषध नाही, लस आहे, तीही आधीच द्यावी लागते. तिची बाटली शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते आणि फोडली की थोड्याच वेळात संपवावी लागते, म्हणून चार कोंबड्यांच्या घराला ती मिळत नाही. गल्लीतल्या बायकांनी मिळून एकाच सकाळी ती आपापल्या कोंबड्यांना टोचून घेतली तर सहज जमतं. पोटात गाठ असेल, खाणंपिणं सुटलं असेल, तर तिला ताटकळत ठेवणं ही सेवा नाही. डॉक्टरच्या सल्ल्याने तिचा शेवट लवकर करावा. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा रस्त्याकडेला न टाकता चुना घालून खोल पुरावी.

परभणीत पशुवैद्यक महाविद्यालय आहे, तालुक्यांना पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. बैल, म्हैस घेऊन आपण तिथे जातो, तसं डालगं घेऊनही जावं. आणि जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाने प्रत्येक दवाखान्यात आठवड्यातला एक दिवस कोंबड्यांच्या तपासणीसाठी आणि लसीसाठी जाहीर करावा. तोवर घरातली म्हातारी कोंबडी मलूल दिसली तर तिला बाजाराच्या पिशवीत घालू नका, डालग्याखाली ठेवा. आणि एकापाठोपाठ दोन मेल्या तर तिसरीची वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्यकीय मदतीच्या 1962 या क्रमांकावर फोन करा.