फियाटच्या गाड्यांवरून इटलीचा झेंडा का उतरला?

मे २०२४ मध्ये इटलीच्या लिव्होर्नो बंदरात फियाटच्या १३४ चिमुकल्या 'टोपोलिनो' गाड्या जप्त झाल्या. त्यांच्यावर इटलीच्या झेंड्याचे स्टिकर होते, पण गाड्या बनल्या होत्या मोरोक्कोत. ग्राहकांची दिशाभूल होते, असा आक्षेप होता. अखेर कंपनीने स्टिकर काढायची तयारी दाखवली.

कंपनी मूळची कुठली?

स्थापना १८९९ची, तुरिन शहरातली. 'तुरिनचा इटालियन मोटार कारखाना' या अर्थाच्या इटालियन शब्दांचे लघुरूप म्हणजे फियाट. १९५७च्या स्वस्त '५००' मॉडेलने सामान्य इटालियन कुटुंबाच्या दारात गाडी आणली. मुंबईची काळी-पिवळी 'पद्मिनी' टॅक्सीही मूळची फियाटच्याच ११०० मॉडेलची.

मग बदलले काय?

तोट्यातल्या फियाटने २००९ मध्ये अमेरिकेच्या दिवाळखोर क्रायस्लरचा ताबा घेतला. २०१४ मध्ये दोन्ही कंपन्या एक झाल्या, नोंदणी नेदरलँड्समध्ये गेली. २०२१ मध्ये प्यूजो समूहाशी विलीनीकरण होऊन 'स्टेलांटिस' तयार झाली. संस्थापकांपैकी एक असलेल्या अन्येली यांच्या कुटुंबाची कंपनीच आजही सर्वांत मोठी भागधारक आहे. मात्र फियाट हा आता अनेक ब्रँडपैकी एक.

फटका कुणाला?

तुरिनच्या मिराफिओरी कारखान्यातल्या कामगारांना. मागणी नसल्याने २०२४ मध्ये तिथले इलेक्ट्रिक '५००'चे उत्पादन वारंवार थांबले. २०२५च्या अखेरीस हायब्रीड '५००' सुरू झाली. ती किती खपते, यावर या कामगारांचे पुढचे दिवस ठरतील.