शहिदांची यादी आणि पाण्याचा अर्ज

ऑगस्ट उजाडला की आपल्या मोहल्ल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीच यादी फिरू लागते. ‘इन्किलाब जिंदाबाद’ मौलाना हसरत मोहानींचं. ‘चले जाव’ची घोषणा युसुफ मेहेरअलींची. 1965 च्या लढाईतले परमवीरचक्र अब्दुल हमीद. क्षेपणास्त्रं कलाम साहेबांची. यादीतला एकेक माणूस खरा आहे आणि मोठा आहे. माझा आक्षेप त्यांच्यावर नाही. दरवर्षी त्यांना साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभं करण्यावर आहे.

साक्षीदार कोण आणतो? ज्याच्यावर खटला चालू आहे तो. मग हा खटला कोणी भरला, कोणत्या कोर्टात, कोणत्या कलमाखाली? राज्यघटनेने नागरिकत्वाचा निकाल केव्हाच लावलाय. त्यात ‘तुमच्या खानदानातून कोण फासावर गेलं’ असा रकाना नाही. शेजारच्या पाटलांना हे कोणी विचारत नाही, आणि विचारलंच तर ते काठी घेऊन मागे लागतील. आपण मात्र समन्स यायच्या आधीच कागदपत्रं घेऊन हजर!

आणि यादी मागणारा यादी वाचतो तरी का? ती वाचून कुणाचं मत बदलल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. त्याला उत्तर नकोच असतं. तुम्ही उत्तर देत बसलात, एवढ्यावर तो खूश असतो.

आपल्या बुलडाणा जिल्ह्याचंच घ्या. सिंदखेडराजा जिजाऊंचं माहेर. त्यांचे वडील लखुजी जाधव निजामशाहीचे मोठे सरदार, आणि दौलताबादेत त्यांची हत्या झाली तीही निजामशहाच्याच दरबारात. जिजाऊंचे पती शहाजी आणि दीर शरीफजी यांची नावं नगरच्या शाह शरीफ या पिरावरून ठेवली, असं परंपरा सांगते. आता यातलं तुमचं किती आणि आमचं किती, करून दाखवा वाटणी. जिजाऊ माझ्या आहेत हे सांगायला मला त्या इतिहासातून एखादा मुसलमान सरदार शोधून आणावा लागत नाही. मी या मातीतला आहे, तेवढं पुरे. 14 फेब्रुवारी 2019 ला पुलवामात मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातल्या चोरपांग्र्याचे नितीन राठोड गेले. त्या घरांचं दुःख आपलं वाटलं, हे कुणाला पटवून द्यावं असं तेव्हा मनातही आलं नव्हतं.

यादीने होणारं खरं नुकसान मात्र वेगळंच आहे, आणि ते रोजच्या जगण्यात होतं.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा सगळ्यांना माहीत आहे. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या भागात बोअर मारला तर खारं पाणी लागतं. गावोगाव किडनीचे रुग्ण आहेत, डायलिसिससाठी माणसं शहरं गाठतात. ते पाणी रहीमही पितो आणि रामही. पण तहसीलवर मोर्चा न्यायचा ठरला की आपल्यातले शहाणे हळूच म्हणतात, “भाई, आपण कशाला पुढे व्हायचं? उद्या भलतंच नाव लागेल.” वर्षभर देशप्रेम सिद्ध करत राहिलेल्या माणसाच्या तोंडून गाऱ्हाणं निघत नाही. नवी सून सासरची खारट भाजी ‘छान झालीय’ म्हणत गिळते. घरची लेक ताट सरकवते आणि विचारते, मीठ कोणी टाकलं एवढं? पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून आपण अजून सुनेसारखे बसलो आहोत.

बाकीच्यांचंही फार बरं चाललंय असं नाही. इंग्रजांनी आपला कापूस न्यायला 1870 साली जलंब-खामगाव रेल्वे टाकली. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी, तिथून अजून गाडी सुटलेली नाही. बुलडाणा हे जिल्ह्याचं ठिकाण, पण आजही रेल्वे धरायची तर मलकापूरला जावं लागतं. 2006 च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये आत्महत्याग्रस्त म्हणून विदर्भातले जे सहा जिल्हे निवडले, त्यात आपणही होतो. आणि 30 डिसेंबर 2021 च्या बदलानंतर तिरंगा पॉलिस्टरचाही चालतो. कापूस पिकवणाऱ्या जिल्ह्यात पॉलिस्टरचा झेंडा फडकवताना कुणाला काही टोचलं का? मला टोचलं. हे म्हटलं म्हणून माझा अभिमान कमी होत असेल, तर तो मोजणाऱ्याची तागडी तपासायला हवी.

मुलांना हसरत मोहानी जरूर शिकवा. कृष्णभक्तीची शायरी लिहिणारा आणि हजलाही जाणारा हा मौलवी होता, हेही सांगा. इतिहास म्हणून शिकवा, वकीलपत्र म्हणून नको.

आणि या 15 ऑगस्टला ध्वजवंदन झालं की जिलेबी खाऊन घरी पळू नका. त्या दिवशी ग्रामसभा असते. तिथे बसा. गावच्या पाण्याची शेवटची तपासणी कधी झाली, अहवाल कुठे आहे, तालुक्याच्या दवाखान्यात डायलिसिसची किती मशिनं चालू आहेत, हे लेखी विचारा. प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा. ग्रामसेवकाने नाव विचारलं, तर वडिलांच्या नावासकट, आडनावासकट पूर्ण सांगा.